क्लॅनाड शेवटापर्यंत खेळायचा असेल तर

जपानच्या ‘की’ या गेम स्टुडिओचा हा खेळ २००४ सालचा. यात गोष्ट वाचत जायची, मधेमधे पर्याय निवडायचे; त्यावरून एकेका मुलीची कथा उलगडते. पहिले काही तास काही म्हणजे काही घडत नाही. शाळा, चढण, बेकरी, थट्टामस्करी. मी इंदूरला सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन घरी आले, आई झोपली, की हेडफोन लावून बसते. एका बैठकीत खेळातला एखादाच दिवस. जास्त रेटलं की कंटाळा येतो.

खरी मदार सेव्हवर. पर्याय समोर आला की निवडण्याआधी सेव्ह करा, दरवेळी नव्या जागी. मी वहीत टिपते: ‘१४ एप्रिल, नागिसा, चढणीवर’. (नागिसा ही मुख्य नायिका.)

लाकडी तारामासे कोरणारी फुको आधी डोक्यात जाते. जाऊ द्या, पण तिची कथा सोडू नका.

दुसऱ्या मुलीकडे वळताना वाचलेला भाग कंट्रोल दाबून पळवा.

नागिसाची शाळेतली गोष्ट संपली, शेवटची नावं पडद्यावर सरकली, म्हणून उठू नका हं! इतरांच्या कथा पुऱ्या केल्या की प्रकाशाचे गोळे मिळतात. ते पुरेसे जमल्यावर आफ्टर स्टोरी, म्हणजे शाळेनंतरचा भाग, उघडते. सकाळी ऑफिस असेल तर ती रात्री मुळीच सुरू करू नका.