डॅशहुंडची वीण: या चुका टाळा

डॅशहुंड या लांब अंगाच्या, आखूड पायांच्या कुत्र्याच्या विणीत लांबी बघून नर निवडणं ही पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटी जन्मतात. जितका लांब आणि जितका जमिनीला टेकलेला तितका अस्सल, असा समज पक्का बसला आहे. पण ही जात जर्मनीत बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी, त्याच्या बिळात घुसायला तयार झाली. छाती जमिनीला घासणारा कुत्रा बिळात काय धावणार? आंतरराष्ट्रीय मानकात शरीराची लांबी खांद्याच्या उंचीच्या 1.7 ते 1.8 पट सांगितली आहे आणि छातीखालची मोकळी जागा त्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे 21 सेंटीमीटर उंच कुत्र्याच्या छातीखाली सुमारे 7 सेंटीमीटर. सपाट फरशीवर सरळ उभा करा आणि टेपने मोजा. फोटोवर भरवसा नको. कॅमेऱ्याचा कोन बदलला की कुत्रा हवा तेवढा लांब दिसतो.

पाठीचा एक्स-रे न काढता मेटिंग

आखूड पायांशी निगडित जनुकीय बदलामुळे या जातीत मणक्यांमधल्या गाद्यांचा मऊ गर लहान वयातच सुकतो, कडक होतो, त्यात कॅल्शियम साचतं. अशी गादी फुटली की मज्जारज्जूवर दाब येतो. हे बहुतेक वेळा 3 ते 7 वर्षांच्या दरम्यान घडतं. घाईची वीण नडते ती इथेच: दुसऱ्या माजाला कुत्री लावली तर तिच्या पाठीचं खरं रूप कळायच्या आत पिल्लं घरोघर गेलेली असतात.

2 ते 4 वर्षांच्या वयात पूर्ण पाठीचा एक्स-रे काढून कॅल्शियम साचलेल्या गाद्या मोजतात. 5 किंवा त्याहून जास्त असतील तर तो कुत्रा दिसायला कितीही देखणा असो, विणीतून बाद. 3-4 असतील तर जोडीदार अगदी कमी आकड्याचा हवा. आकडा शून्य आला म्हणून पिल्लं सुरक्षित ठरत नाहीत, धोका फक्त कमी होतो. म्हणून आई-बाप, आजे आणि भावंडांच्या पाठीचीही चौकशी करा.

डॅपलवर डॅपल

ठिपकेदार डॅपल रंगाला मागणी असते, म्हणून दोन्ही डॅपल लावले जातात. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाला आई-बाप दोघांकडून डॅपलचं जनुक मिळण्याची, म्हणजे दुहेरी डॅपल होण्याची शक्यता चारात एक. त्यातून बहिरेपण, आंधळेपण, बारीक राहिलेले डोळे, कधी डोळेच नसणं असे प्रकार होतात. हे कोणी मुद्दाम करत असेल तर त्याला ब्रीडर म्हणू नये.

फसगत मात्र प्रामाणिक माणसाचीही होते. लाल किंवा क्रीम रंगावर डॅपलचे डाग जन्मतः दिसतात आणि वाढत्या केसांत विरून जातात. मोठेपणी तो कुत्रा साधा लाल वाटतो. जन्माच्या आठवड्यातले फोटो मागा, डोळ्यात निळा तुकडा आहे का बघा आणि घराण्यात कुठेही डॅपल असेल तर मेटिंगआधी डीएनए चाचणी करा. गालाच्या आतून फिरवलेला बोळा पुरतो. त्याच नमुन्यात दृष्टिपटल झिजवणाऱ्या आजाराची चाचणी उरकते. खरखरीत केसांच्या छोट्या (मिनिएचर) डॅशहुंडमध्ये लाफोरा या झटक्यांच्या आजाराचीही करून घ्या. हे दोन्ही आजार मागे दबून राहणारे आहेत: वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक बाळगणारा) आणि निर्दोष अशी जोडी चालते, दोन वाहकांची जोडी चालत नाही.

गाभणपणी कॅल्शियम

हाडं मजबूत व्हावीत म्हणून गाभण कुत्रीला कॅल्शियम पाजतात आणि नेमकं उलटं होतं. बाहेरून मिळत राहिल्यावर हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणणारी ग्रंथी सुस्तावते. मग दूध जोरात उतरल्यावर, सहसा व्याल्यानंतर 2 ते 4 आठवड्यांत, रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जातं. धाप, अस्वस्थपणा, ताठर चाल, थरथर, ताप दिसताच पिल्लं बाजूला करून थेट डॉक्टरकडे. शेवटचे तीन आठवडे चांगलं पपी फूड थोडंथोडं, दिवसातून चार वेळा द्या. वेगळ्या कॅल्शियमची गरज नाही.

दिवस मेटिंगपासून मोजले की विण्याची तारीख चुकते. बीज सुटल्यापासून 63 दिवस धरा आणि ते कधी सुटलं हे प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या चाचणीने कळतं. 55व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजा, नाहीतर आत एक राहिलं तरी पत्ता लागत नाही. गुदद्वारातलं तापमान 37.2 अंश सेल्सियसखाली उतरलं की बहुधा 24 तासांत वीण होते. अर्धा तास जोरदार कळा देऊनही पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा-काळा स्राव आला, तर वाट बघत थांबू नका, डॉक्टरकडे न्या.

पिल्लू वाढतंय असं नुसतं डोळ्यांनी ठरवणं

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. रोज एकाच वेळी, ओळखीसाठी रंगीत दोरा बांधून वजन करा आणि लिहून ठेवा. 190 ग्रॅमचं पिल्लू दुसऱ्या दिवशी 186 भरलं तर चालेल. तिसऱ्या दिवशीही 186 असेल तर काहीतरी बिघडलं आहे. त्यानंतर रोज 5 ते 10 टक्के वाढ हवी आणि दहा दिवसांत वजन साधारण दुप्पट.

वाढ थांबलेली दिसली की माणूस आधी दूध पाजायला धावतो. पिल्लू गार असेल तर हे जिवावर बेततं. शरीर 35 अंशांखाली असताना आतडं चालत नाही, दूध फुप्फुसात जाऊ शकतं. आधी अंगाशी धरून हळूहळू गरम करा, मग दूध. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर 29 ते 32 अंश हवेत आणि दिवा पेटीच्या एकाच बाजूला, म्हणजे त्यांना सरकायला जागा राहते. एकमेकांवर ढीग करून पडली तर थंडी वाजते आहे. पांगून किंचाळत असतील तर उकडतंय.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको. पाय घसरून दोन्हीकडे फाकतात आणि छाती चपटी होते. वर खरखरीत टॉवेल किंवा फ्लीस अंथरा.

नव्या घराला न सांगितलेलं

पिल्लू काखेत धरून लोंबकळत उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी. हे घरच्या प्रत्येकाकडून करवून घ्या, मुलांकडूनही. हे घरच्या प्रत्येकाकडून करवून घ्या, मुलांकडूनही.

पाठ वाकवून उभं राहणं, खाली ठेवलेल्या वाडग्याकडे मान न झुकवणं, मागचा पंजा उलटा पडणं ही गादीच्या दुखण्याची सुरुवात असू शकते. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. डॉक्टरांच्या औषधाने बरं वाटताच कुत्रा उड्या मारू लागतो, म्हणून 4 ते 6 आठवडे पिंजऱ्यात सक्त विश्रांती, मालिश नाही. मागचे पाय पूर्ण लुळे पडले तर पंजाचं बोट दाबून बघणारे फसतात: पाय आखडला म्हणजे संवेदना शाबूत आहे असं नाही, ती निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असते. कुत्र्याने वळून बघितलं किंवा तो ओरडला तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली. तसं झालं नाही, तर शस्त्रक्रियेसाठी त्याच दिवशी न्या.