स्पेनला शिकायला निघताना: पाद्रोन आधी, बाकी सगळे नंतर

सप्टेंबरात वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी स्पेनला जाणाऱ्यांनी मे महिन्यातच कागदपत्रांना हात घालावा. पासपोर्ट, प्रवेशपत्र, फोटो आणि तिकीट यांविषयी मी काही सांगत नाही. ते कुणीही सांगेल. जे कुणी सांगत नाही ते म्हणजे पाद्रोन, अर्थात आपण राहतो त्या पत्त्याची तिथल्या नगरपालिकेतली नोंद. वालेन्सियातले माझे पहिले सत्र या एका कागदापायी वाया गेल्यासारखेच झाले, म्हणून तो या यादीत पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

व्हिसासाठीच्या मुंबईतल्या कामांत क्रम महत्त्वाचा आहे. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून काढायचा, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, घ्यायचे आणि त्यानंतरच शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश अनुवाद करून घ्यायचा. घाईने अनुवाद आधी उरकला तर अपोस्टीलचा शिक्का अनुवादाविना राहतो आणि अनुवादकाला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. पदवी प्रमाणपत्राला अपोस्टीलपूर्वी राज्य शासनाचे साक्षांकन लागते, त्यात दिवस जातात, म्हणून ते सर्वांत आधी. आरोग्य विमा प्रवासाचा चालत नाही. उपचाराच्या खर्चात रुग्णाचा वाटा नसलेली, वर्षभराची पॉलिसी हवी. खर्चाच्या तरतुदीचा हिशेब दरमहा ६०० युरोंच्या आसपास धरतात. व्हिसाच्या अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांनी खात्यात मोठी रक्कम टाकली की ती नजरेत भरते, तेव्हा पैसे काही महिने आधीपासून खात्यात असू द्या.

आता खोली. इदेआलिस्ता या घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर खोल्यांचे फोटो पाहून हरखून जाऊ नका, आणि खोली न पाहता अनामत तर मुळीच पाठवू नका. घरमालकाला पहिला प्रश्न भाड्याचा नव्हे, वायफायचा नव्हे, तर हा विचारा: ‘या पत्त्यावर माझे पाद्रोन होईल का?’ उत्तर लेखी घ्या. ‘नंतर बघू’ असे उत्तर आले तर त्याचा अर्थ नाही असाच धरावा. कराराविना, रोखीने भाडे घेणारे पुष्कळ मालक नोंदणीला नकार देतात, आणि पोटभाडेकरू म्हणून खोली घेतली तर मूळ करार ज्याच्या नावावर आहे त्याची सही असलेले संमतिपत्र लागते. तुमच्या नावाचा रीतसर करार असेल तर मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करावी असे तिथला कायदाच सांगतो. पण परक्या गावात, मोडक्या स्पॅनिशमध्ये, हे मालकाशी भांडून पटवून देणे किती जमेल याचा विचार आत्ताच करा. पाद्रोन नसलेली स्वस्त खोली महागच पडते.

महाग कशी ते सांगतो. सहा महिन्यांहून जास्त मुक्काम असेल तर पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे तिएसाठी, अर्ज करायचा असतो. त्यासाठी ईएक्स-१७ हा अर्ज, ७९०-०१२ या नमुन्याने बँकेत शुल्क भरल्याची पावती, फोटो, बोटांचे ठसे, आणि अनेक शहरांत ताजे पाद्रोन लागते. वर्षाच्या अभ्यासक्रमालाही व्हिसा काही वेळा ९० दिवसांचाच मिळतो. तसे झाले तर कार्ड हातात नसताना नाताळच्या सुट्टीत घरी यायचे तर परतीचे वेगळे परवानापत्र काढावे लागते. म्हणजे पाद्रोन नाही, म्हणून कार्ड नाही, म्हणून पुण्याचे तिकीट रद्द. सप्टेंबर-ऑक्टोबरात माद्रिद आणि बार्सेलोनात या कार्डासाठी पोलिसांकडची वेळ मिळणे फार अवघड असते. ती विकणारे दलालही भेटतील, पण ती सरकारकडून फुकट मिळते. पाद्रोनसाठी नगरपालिकेची वेळ मात्र विमानात बसण्यापूर्वीच शोधायला लागा.

नोंदणीच्या खिडकीवर नाव स्वतः तपासा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे नाव आपल्या नावाच्याच रकान्यात असते. तिथे प्रत्येकाला दोन आडनावे असतात, त्यामुळे कारकून वडिलांचे नाव पहिले आडनाव समजून लिहून टाकतो. दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवायला सांगा आणि कागद घेऊन बाहेर पडण्याआधी एकेक अक्षर वाचा.

सामानात लोकरीचे कपडे हवेतच. स्पेन म्हणजे ऊन, अशा समजुतीत ग्रानादा किंवा सालामांकाला गेलात तर डिसेंबरात हाल होतील. ग्रानादातल्या जुन्या घरांत अनेकदा गोल टेबलाला जमिनीपर्यंत जाड कापड लावून खाली विजेची शेगडी ठेवलेली असते. सगळे घर त्या कापडाखाली पाय घालून बसते आणि पाठ मात्र गारठलेली राहते. ॲल्युमिनियमचा कुकर नेऊ नका, इंडक्शनवर तो चालत नाही आणि तिथे कुकर सहज मिळतो. शाकाहारी मंडळींनी ‘वेजेताल’ नावाच्या सँडविचवर विश्वास ठेवू नये. त्यात बहुधा टूना मासा निघतो.

बाकीचे थोडक्यात. गोल पिनांचे अडॅप्टर घ्या. बार्सेलोना किंवा वालेन्सियाला जाणार असाल तर तासिका कातालान वा वालेन्सियान या तिथल्या स्थानिक भाषांमध्ये नाहीत ना, हे प्रवेशापूर्वी विद्यापीठाला विचारा. रविवारी दुकाने बहुतेक बंद. शहर बदलले तर नव्या नगरपालिकेत पाद्रोन पुन्हा करा. परत येताना घरमालकाला मुदतीत लेखी कळवा, बँक खाते बंद करा, आणि गुणपत्रकावर स्पेनचे अपोस्टील तिथे असतानाच घ्या.