घरी फायबरचा पार्ट काढायचाय? रेझिन सगळ्यात शेवटी घ्या

फायबरचं, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या मॅटवर रेझिन (घट्ट होणारं पातळ रसायन) चढवून पार्ट करायचं सामान आणायला गेलं की बहुतेक जण आधी रेझिनचा कॅन उचलतात. माझं आग्रहाचं सांगणं उलट आहे. रेझिन पडून राहिलं की जुनं होतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये तर लवकरच घट्ट व्हायला लागतं. बाकी सगळं हाताशी आल्यावरच ते घ्यावं.

सुरुवात मास्टरपासून, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा त्या मूळ नमुन्यापासून. समजा, स्कूटरचं साइड कव्हर करायचंय. जुनं कव्हर धड असेल तर तेच मास्टर. नसेल तर कोल्हापुरात उद्यमनगरात एखाद्या पॅटर्नवाल्याला गाठा. फाउंड्रीला पॅटर्न करून देणारी ही माणसं ड्राफ्ट कुठे कमी पडतोय ते नुसतं बघून सांगतात. उभ्या कडांना तेवढा तिरकेपणा नसला तर पार्ट साच्यात अडकून बसतो. मास्टर प्लास्टर ऑफ पॅरिसचा करणार असाल तर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात मूर्तिकारांना विचारा, चांगला माल कुठे मिळतो ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. फक्त गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, त्यांना मान वर करायला सवड नसते. प्लास्टर पूर्ण वाळवून त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेचे) हात द्यायचे. थर्मोकोलचा मास्टर नको, पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन तो खाऊन टाकतं.

मग साचा सोडवण्याचं सामान: वॅक्स आणि पीव्हीए (वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणारं द्रावण). नव्या साच्याला वॅक्सचे चार-पाच हात लागतात, प्रत्येक हातानंतर थांबून पुसायचं. सिलिकॉन असलेलं गाडीचं पॉलिश इथे वापरू नये.

मॅट घेताना दुकानातच थोडी उलगडून बघा. धागे सगळीकडे सारखे पसरलेले हवेत, हाताला ओलसर लागली तर घेऊ नका. पावसाळ्यात तर मॅट प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच घरी आणा, कारण दमट मॅटमध्ये रेझिन नीट मुरत नाही. ४५० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम. पाव चौरस मीटरच्या कव्हरला तीन थर धरले तर साधारण ३४० ग्रॅम, साचा दुप्पट जाड म्हणून ६७५. कातरण धरून सव्वा किलो मॅट पुरते. रेझिन मॅटच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट लागतं, म्हणजे तीन किलो. जेलकोट (साच्यात सगळ्यात आधी लावायचा, पार्टचा बाहेरचा गुळगुळीत थर) अर्धा किलो बस्स. इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिननं काम करणार असाल तर ही मॅट न घेता विणलेलं कापड घ्या. नेहमीच्या मॅटमधला, धागे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत तो सुटत नाही.

ब्रश स्वस्तातले, पण जास्त घ्या. हवेचे बुडबुडे दाबून काढायला खाचांचा रोलर, ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा, कागदी कप, बिनसुईची सिरिंज, अ‍ॅसिटोन. हे पटकन जमतं. मास्कच्या बाबतीत मात्र काटकसर नको. कापडी मास्क स्टायरीनची वाफ अडवत नाही, ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचाच लागतो. नायट्राइल हातमोजे आणि बंद गॉगलही घ्याच. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. कापणं-घासणं करताना काचेची धूळ उडते, तिथे धुळीचा फिल्टरही हवा.

आता रेझिन. सुटं घेत असाल तर ड्रमवरची तारीख वाचा आणि थोडं ओतून बघा. धार सलग पडली पाहिजे, गुठळ्या दिसल्या तर परत द्या. कोबाल्ट (हार्डनरचं काम वेगानं करवणारं द्रावण) आधीच टाकलंय का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. टाकलेलं असेल तर फक्त हार्डनर लागतो, किलोला १० ते २० ग्रॅम, उन्हाळ्यात कमी बाजूनं. नसेल तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर घालायचा. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो, म्हणून येताना बाटल्या एका पिशवीत घालू नका आणि घरीही एका कपाटात ठेवू नका.