दौतीतली शाई चित्रात आणताना

दहावीच्या वर्षी जुलैत आमच्या माजघरावरचं एक कौल सरकलं आणि रात्रभर माझ्या वहीवर पाणी ठिबकत राहिलं. वही बाबांच्या काळ्या शाईने लिहिलेली होती. सकाळी अक्षरं गेलेली होती, पण त्यांच्या जागी जे उमटलं होतं ते मी अजून विसरलेले नाही. मध्ये फिकट राखाडी, तिच्याभोवती जांभळट वलय आणि अगदी कडेला निळी, केसाएवढी रेघ. काळी शाई मुळात काळी नव्हतीच. त्या पानाकडे मी शाळेला उशीर होईपर्यंत बघत बसले होते.

आता रत्नागिरीत शाईने चित्रं काढणं हेच माझं काम आहे. थोडं शिकवते, थोडं विकते. नवीन येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, कुठली शाई घेऊ?" माझं उत्तर असं, की बाटलीवरचा रंग बघून शाई घेऊ नका. ती पाण्यात काय करते ते बघा.

त्यासाठी आधी शाईच्या जाती कळायला हव्यात. नेहमीची फाऊंटन पेनची शाई म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. तिच्यात कण नसतात, म्हणून पेनाच्या बारीक वाटेतून ती सहज वाहते आणि म्हणूनच वाळल्यावरही पाण्याचा हात लागला की पुन्हा जागी होते. आपलं बहुतेक काम याच गुणावर चालतं. दुसरी पिगमेंटची. प्लॅटिनमच्या कार्बन ब्लॅकमध्ये काजळीचे अतिशय बारीक कण असतात. ती एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही. ती पेनात भरता येते, पण भरलेलं पेन आठवडेच्या आठवडे तसंच ठेवलं तर कण बसून अडतं. तिसरी लोखंड आणि टॅनिन, म्हणजे झाडांच्या फळासालींतला तुरट पदार्थ, यांची, जिला आयर्न गॉल म्हणतात. आपल्याकडची हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई याच कुळातली. चौथी ड्रॉइंग इंक, लाख घातलेली. ही फाऊंटन पेनात कधीही भरू नका. आत लाख वाळली की पेन गेलंच समजा. तिच्यासाठी टाक, म्हणजे शाईत बुडवून चालवायचं निबेचं पेन, वापरा.

सुरुवातीला काळी, निळी आणि तपकिरी अशा तीन बाटल्या पुरेत. महागड्या परदेशी शाया दिसतात सुंदर. काहींना निळ्यावर तांबडी झळाळी असते, काहींत चमकी असते. ते सगळं पुढे. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत घोडा छाप शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली, तीच पुढे कॅमलिन झाली. त्यांच्या कॅमलच्या साध्या बाटल्यांवर मी पहिली चार वर्षं काढली आणि काही अडलं नाही. पैसे घालायचे तर कागदावर घाला. साध्या ड्रॉइंग पेपरवर शाई फुटते, रेघेला केस फुटल्यासारखे तंतू येतात आणि पाणी लावलं की कागदाचा लगदा होतो. वॉटरकलरच्या कागदाला सायझिंग केलेलं असतं, म्हणजे शाई लगेच पिऊ नये असा लेप दिलेला असतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शक्यतो सुती कागद घ्या. एका मोठ्या तावाचे आठ तुकडे केले की महिनाभर सराव होतो.

शाई घरी आली की चित्र काढायच्या आधी एक काम करा. टीपकागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा. खालच्या टोकापासून दोन सेंटीमीटरवर शाईचा एक ठिपका द्या आणि वाळू द्या. काचेच्या पेल्यात एक सेंटीमीटर पाणी घ्या आणि ठिपका पाण्याच्या वर राहील अशी पट्टी त्यात उभी करा. आता तिथून उठू नका. पाणी कागदातून वर चढतं, ठिपक्याला गाठतं आणि शाईतले रंग आपापल्या वेगाने त्याच्याबरोबर निघतात. जो रंग कागदाच्या तंतूंना कमी धरून राहतो तो लांब जातो, जो घट्ट धरतो तो मागे राहतो. माझ्या एका काळ्या शाईत आधी पिवळट राखाडी मागे पडली, मग जांभळा थांबला आणि मोरपिशी निळा वरपर्यंत चढून गेला. दहा मिनिटांत त्या काळ्याच्या पोटातलं सगळं माझ्यासमोर होतं. या पट्ट्या वाळवून वहीत चिकटवा आणि शेजारी शाईचं नाव लिहा. पुढे एखाद्या ढगाची कड निळी हवी असेल तेव्हा कुठली काळी घ्यायची, ते ही वही सांगते.

रत्नागिरीच्या किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला मांडवीची काळी वाळू. ती वाळू ओंजळीत घेऊन पाहिली तर तिच्यातही पांढरे, तांबूस कण दिसतात. पट्टीची सवय लागली की डोळा असं वेगळं करून बघायला लागतो.

आता प्रत्यक्ष चित्र. माझा धडा नेहमी भाट्याच्या खाडीचा असतो, कारण तिथे पाणी, वाळू, सुरूचं बन आणि पूल एका नजरेत येतात. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. पेनाने फक्त सावलीच्या बाजूच्या रेघा काढा: होडीचं पोट, सुरूच्या बुंध्याची डावी बाजू, पुलाच्या खांबांमधला अंधार. उजेडाच्या बाजूला काही काढायचं नाही. मग ओल्या ब्रशने रेघेला फक्त टोकाने स्पर्श करा आणि सावली बाहेर ओढा. शाई आपणहून सुटते आणि पाण्याबरोबर पसरत जाते. नवी मुलं इथे घाई करतात, पुन्हा पुन्हा ब्रश फिरवतात आणि सगळं मातकट होतं. एकदा ओढलं की हात उचला. ओला भाग वाळताना रंग कडेला जाऊन साचतो, ती कड वाळूवर आलेल्या लाटेच्या रेघेसारखी दिसते आणि ती ब्रशने काढून कधीच येत नाही.

सरावाला उत्तम काळ १ जून ते ३१ जुलै. आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, मिरकरवाडा बंदरात होड्या एकमेकींना टेकून उभ्या असतात आणि दिवसभर हलत नाहीत. फक्त पावसाची उघडीप साधावी लागते.

ब्लीचबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. कपड्यांचे डाग काढायचं साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, तिचंच हे भावंड. विरघळलेल्या रंगाच्या शाईवर ब्लीचने रेघ ओढली की रंग तिथल्या तिथे जातो. बहुतेक निळ्या शायांवर जवळजवळ पांढरी रेघ उमटते, काही काळ्यांवर सोनेरी मातकट. काजळीच्या शाईवर काहीच होत नाही. आयर्न गॉलवर गंजासारखा डाग राहतो, कारण काळेपणा गेला तरी लोखंड कागदातच असतं.

मला हे पहिल्यांदा साधलं ते ऑगस्टमध्ये, होड्या पुन्हा समुद्रात गेल्यावर. मांडवीच्या जेटीवर रात्री उभी होते. क्षितिजावर दिव्यांची माळ होती आणि प्रत्येक दिव्याखाली पाण्यात थरथरणारी एक रेघ. घरी येऊन पूर्ण कागद निळ्या-काळ्या शाईने भरला, रात्रभर वाळू दिला आणि सकाळी काचेच्या टाकाने ब्लीचचे ठिपके ठेवत गेले. ठिपका ठेवल्यावर क्षणभर काही होत नाही. मग मध्यावर पिवळा डोळा उघडतो, वाढतो आणि कडेला तांबूस वलय धरून थांबतो. पांढऱ्या रंगाने काढलेला दिवा कागदावर बसल्यासारखा दिसतो. हा कागदाच्या आतून पेटल्यासारखा दिसतो.

पण नियम पाळा. ब्लीचमध्ये निम्मं पाणी घाला. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, लहान मुलं जवळ नकोत. ब्लीचच्या जवळपास व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनियाचं काहीही आणू नका, विषारी वायू तयार होतो. स्टीलची निब त्यात खराब होते आणि केसांचा ब्रश विरघळतो, म्हणून काचेचं टाक किंवा नायलॉनचा एक जुना ब्रश त्यासाठीच वेगळा ठेवा. काम झालं की तो भाग स्वच्छ पाण्याने टिपून घ्या, नाहीतर ब्लीच हळूहळू कागदही खातं.

दोन शाया एकत्र करायच्या असतील तर आधी लहान बाटलीत पाच-सहा थेंब मिसळून दोन दिवस ठेवा. तळाशी गाळ दिसला तर ते मिश्रण पेनात भरू नका.

आपल्याकडच्या दमट हवेसाठी वेगळं शिकावं लागतं, ते बाहेरच्या व्हिडिओंमधून कळत नाही. कागद हवेतला ओलावा पितो. पावसाळ्यात काम सुरू करण्याआधी मी ताव कोपऱ्यात धरून हलवते. खडखडला तर ठीक; ओल्या पापडासारखा मऊ आवाज आला तर त्या दिवशी चित्र नाही, कारण त्याच्यावर चांगली शाईसुद्धा फुटते. माझे कागद पत्र्याच्या ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतात आणि तयार चित्रं कपाटात, जिथे पावसाळाभर जुन्या पद्धतीचा एक पिवळा बल्ब जळत असतो. आजी त्याच कपाटात रेशमी साड्या ठेवायची. मे महिन्यात उलटं होतं. वारा असेल तर शाई ब्रश पोहोचायच्या आत वाळते, म्हणून सकाळी आठच्या आत वॉशचं, म्हणजे ओल्या ब्रशने शाई पसरवायचं, काम उरका.

ब्रश किंवा टाक थेट बाटलीत बुडवू नका, वाटीत थोडी शाई ओतून घ्या. बाटलीत बुरशी धरली, पृष्ठभागावर कापसासारखे तंतू दिसले, तर गाळून वापरायचा मोह टाळा. पूर्ण बाटली टाकून द्या आणि तिने भरलेली पेनं धुऊन काढा. टाकाच्या निबा खाऱ्या हवेने आठवड्यात गंजतात. काम झालं की पुसा आणि कोरड्या डबीत ठेवा. नव्या निबेवर तेलाचा थर असतो, तो साबणाने धुतल्याशिवाय शाई धरत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर फाऊंटन पेनच्या शाईचा वेगळा अभ्यासक्रम मी पाहिलेला नाही. रेखांकन पक्कं करा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली नसेल तर द्या, पुढे शिकायचं असेल तर सावर्डे आणि देवरुख इथे कला महाविद्यालयं आहेत. आणि एकदा कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेची, जुनी चित्रं बघा. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मोजक्या रंगांत आणि एका ठाम रेघेत माणूस कसा उभा राहतो, ते त्या चित्रांसमोर बसून कळतं.

विक्रीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे माझ्या हातून चूक झाली. समुद्राकाठी पाहुणे ठेवणाऱ्या एका वहिनींनी माझ्याकडून संध्याकाळच्या समुद्राचं मोठं चित्र घेतलं. निळी आणि गुलाबी शाई, माझं तोवरचं सगळ्यात चांगलं काम. त्यांनी ते पश्चिमेच्या पडवीत लावलं. पुढच्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. "अगो, तुझ्या चित्रातला समुद्र आटला." जाऊन पाहिलं. आकाशातला गुलाबी पूर्ण गेला होता आणि पाणी राखेसारखं झालं होतं. मी पैसे परत केले आणि दुसरं चित्र काढून दिलं, काजळीची शाई आणि टिकाऊ जलरंग वापरून.

विरघळलेल्या रंगाच्या बहुतेक शाया उन्हात उडतात, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. आयर्न गॉलही तशीच राहत नाही: डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल इथे बोरूने जी रेखाटनं केली, त्यांतल्या आयर्न गॉलच्या मूळ काळ्या रेघा आज तपकिरी दिसतात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मूळ चित्राच्या मागे शाईचं नाव आणि 'थेट उन्हात लावू नये' असं लिहिलेलं असतं, आणि घेणाऱ्याला ते मी तोंडानेही सांगते. भिंतीवर उजेडात लावायचं असेल तर मूळ चित्र देत नाही. ताजं असताना स्कॅन करून पिगमेंट शाईवर काढलेली प्रिंट देते. कौलारू घरांची रेखाटनं, पोस्टकार्डं, निमंत्रणपत्रिका ही कामं छापूनच जातात, तिथे ही अडचण येत नाही. पहिली दोन-तीन वर्षं घर चाललं ते शिकवण्यांवर, हेही लक्षात असू द्या.

शाई विकाऊ कामात वापरण्याआधी तिची पट्टी खिडकीत लावा. जाड कागदावर शाईचा एक दाट आणि एक पातळ पट्टा ओढा, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि ऊन येणाऱ्या काचेवर चिकटवा. माझ्या खिडकीत दिवाळीपासून अकरा पट्ट्या आहेत. लाल तीन आठवड्यांत गेला. निळ्यांपैकी दोन निम्म्यावर आले आहेत, काजळीची रेघ दोन्हीकडे सारखीच आहे. शेवटची पट्टी घरी केलेल्या शाईची, काष्ठौषधीच्या दुकानातला हिरडा कुटून, उकळून, त्यात हिराकस आणि डिंक घालून केलेली. टाकाने ओढली तेव्हा चहासारखी फिकट होती, बघता बघता काळी झाली. तिचं अजून बघायचं आहे. पट्टीच्या मागे तारीख घालाल ती पेन्सिलीने घाला, शाईने नको.