परीक्षेच्या तोंडावर हात दुखू लागला तर

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी 20 प्रश्न असतात. निम्म्यांना 150 आणि निम्म्यांना 250 शब्द धरले, तर 3 तासांत सुमारे 4,000 शब्द हाताने लिहायचे असतात, आणि त्याच दिवशी दुपारी दुसरा पेपर असतो. राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाल्यामुळे, आजवर मुख्यतः पर्यायांवर खुणा करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही आता हे लिहिणे आले. वर्षभर वाचन करून शेवटच्या महिन्यात एकदम रोज दोन पेपर सोडवायला घेतले की हात दुखतो, कारण स्नायूंना आणि ते हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना त्या भाराची सवयच झालेली नसते.

पहिल्यांदा दुखणे नेमके कोठे आहे ते पाहावे, कारण उपाय त्यावर ठरतो. मनगटाची अंगठ्याकडील बाजू दुखत असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर कळ येत असेल, तर अंगठ्याच्या कंडरांभोवतीचे आवरण सुजलेले असण्याची शक्यता असते. रात्री अंथरुणात अंगठ्याने तासन्‌तास मोबाइल चाळल्यानेही हे दुखणे वाढते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटातील मज्जातंतूवर दाब येत असावा. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसण्याची सवय तपासावी. अभ्यासिकेतल्या अरुंद टेबलांवर ही सवय नकळत लागते.

मात्र बहुतेकांचे दुखणे अंगठ्याच्या तळाशी आणि कोपराखालच्या भागात असते, आणि त्याचे मूळ पेन धरण्याच्या पद्धतीत असते. बोटे मिटवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात, त्यामुळे चिमूट घट्ट आवळली की शिणतो तो कोपराखालचा भाग. आपण किती दाब देतो हे पाहण्यासाठी लिहिलेले पान उलटून पाठीमागून बोट फिरवावे: अक्षरे खरखरीत लागली, तर दाब जास्त आहे. मी स्वतः कित्येक वर्षे असेच कोरीव लिहीत होतो आणि तेच माझ्या दुखण्याचे कारण निघाले. त्यावर उपाय म्हणजे थोडे जाड, रबरी पकड असलेले आणि अलगद वाहणारे जेल पेन घ्यावे (परीक्षेच्या सूचनांत त्याला आणि शाईच्या रंगाला परवानगी आहे ना, हे आधी पाहावे), ते टोकापासून जरा वर धरावे, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकलेला ठेवावा आणि अक्षर केवळ बोटांनी न काढता सगळा हात पुढे सरकवत लिहावे. सुरुवातीचा आठवडा अक्षर बिघडते. ते बिघडू द्यावे. पलंगावर किंवा मांडीवर वही घेऊन सराव करू नये.

सराव हळूहळू वाढवावा. पहिल्या आठवड्यात सलग 45 मिनिटे, मग दीड तास, आणि परीक्षेच्या दोन आठवडे आधीपर्यंत पूर्ण 3 तास. दर अर्ध्या तासाने पेन खाली ठेवून मूठ उघडझाप करावी, मग हात समोर ताठ धरून दुसऱ्या हाताने बोटे हलकेच मागे ओढावीत आणि 15 ते 20 सेकंद थांबावे. कळ येईपर्यंत ताणू नये.

दुखणे सुरू झालेच असेल, तर दोन-तीन दिवस लिहिणे निम्म्यावर आणावे आणि त्या वेळात उत्तरांचे आराखडे तोंडी मांडावेत. सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे, आणि स्नायू नुसतेच आखडले असतील तर गरम पाण्याचा शेक बरा वाटतो. मुंग्या येत असतील तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधावा. वेदनाशामक गोळी घेऊन त्याच दमात आणखी एक पेपर सोडवणे मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण थांबायची सूचना देणारे दुखणेच त्यामुळे दबते. पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी तर अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. बधिरपणा टिकून राहिला, पकड सैल होऊन वस्तू हातातून पडू लागल्या किंवा दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

इतर कामे नीट होतात, पण पेन हातात घेतले की बोटे आपोआप वाकडी होतात, असे असेल तर तो लेखन-आकडी नावाचा वेगळा विकार असू शकतो. अशाच एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी निर्णय दिला की 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही, एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यासाठी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते, म्हणून हे काम अर्ज भरतानाच हाती घ्यावे.

परीक्षेच्या सकाळी हात गार असतील, तर कोमट पाण्यात धरावेत. प्रश्न वाचताना पेन बाकावर ठेवावे. तेवढीच बोटांना विश्रांती मिळते. दोन पेपरांच्या मधल्या वेळेत जड पिशवी लिहित्या हातात धरू नये, आणि मोबाइल बंदच ठेवावा.