डक्सफर्ड नाहीतर ओल्ड वॉर्डनला जुनी विमानं टिपायला जाताय? मग ही तयारी करून जा

उन्हाळा लागला की इकडे इंग्लंडमध्ये जुन्या विमानांचे एअर शो सुरू होतात आणि आपल्या मंडळींपैकी कुणीतरी विचारतंच की मोठी लेन्स घेतलीय, तिकीट काढलंय, आता काय काय घेऊन जाऊ. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतो. बॅगेत काय भरायचं ते पुढे येईलच, पण खरी तयारी घरी बसून करायची असते, कारण स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, समोरून जातं ते जेमतेम पाच-सात सेकंद, आणि तेवढ्यात तुम्ही कॅमेऱ्याचा मेन्यू उघडून बसलात तर तो पास, म्हणजे समोरून मारलेली ती फेरी, हातची गेली.

आधी कुठे जायचं ते ठरवा, कारण दोन्ही जागांचा स्वभाव एकदम वेगळा आहे. डक्सफर्ड म्हणजे केंब्रिजजवळचं इम्पीरियल वॉर म्युझियमचं मोठं विमानतळ, रॉयल एअर फोर्सच्या १९ नंबरच्या स्क्वॉड्रनला ऑगस्ट १९३८ मध्ये पहिली स्पिटफायर इथेच मिळाली, त्यामुळे सप्टेंबरच्या शोमध्ये एकाच वेळी भरपूर स्पिटफायर आकाशात बघायच्या असतील तर इथेच जा. पण इथे प्रेक्षक उत्तरेला आणि रनवे दक्षिणेला, म्हणजे जवळपास दिवसभर सूर्य तुमच्या तोंडावर, विमानाची आपल्याकडची बाजू सावलीत. हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही. ओल्ड वॉर्डन म्हणजे बेडफर्डशरमधलं शटलवर्थ कलेक्शन, गवताची धावपट्टी, छोटं, निवांत, आणि विमानं खूप जवळ वाटतात. तिथले संध्याकाळचे शो मिळाले तर सोडूच नका, ऊन पाठीमागून येतं, कोवळं असतं, विमानाचे रंग असे काही उठून दिसतात की बास. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे झाकून ओल्ड वॉर्डनच सांगेन. आगगाडीने जाणार असाल तर ओल्ड वॉर्डनला बिगल्सवेड स्टेशन आणि डक्सफर्डला व्हिटल्सफर्ड पार्कवे, दोन्हीकडे स्टेशनपासून पुढे कसं जायचं ते आदल्या दिवशीच बघून ठेवा, तिकडे दर दहा मिनिटांनी बस येईल या भरवशावर राहू नका.

तिकीट काढल्यावर उडणाऱ्या विमानांची यादी बघायची आणि एकेक विमान नीट समजून घ्यायचं. हा भाग लोक सोडून देतात आणि मला वाटतं फोटोत फरक पडतो तो इथेच. स्पिटफायरचं नाव वाचून थांबू नका, मर्लिन इंजिनवाली आहे की ग्रिफनवाली ते बघा, मर्लिन २७ लिटरचं, ग्रिफन ३७ लिटरचं, ग्रिफनवाल्यांना बहुतेक पाच पात्यांचा पंखा असतो आणि तो उलट्या दिशेने फिरतो. पात्यांची संख्या का बघायची ते शटरच्या मुद्द्यात सांगतो. यादीत हॉकर हरिकेन आर४११८ दिसलं तर त्या दिवशी आवर्जून जा. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये (१९४० ची इंग्लंडवरची हवाई लढाई) ६०५ नंबरच्या स्क्वॉड्रनकडून ४९ वेळा उडालेलं हे विमान नंतर भारतात पाठवलं गेलं आणि बनारस हिंदू विद्यापीठात इंजिनियरिंगच्या पोरांना शिकवायला म्हणून पोचलं. पुढे कित्येक वर्षं ते तिथे उघड्यावर पडून होतं. १९८२ मध्ये पीटर व्हेचर नावाच्या इंग्रज गृहस्थांनी ते पाहिलं, पाठपुरावा करून २००१ मध्ये परत आणलं आणि डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा उडालं. आपल्या काशीतून आलेलं विमान डोक्यावरून घरघरत जातं तेव्हा काय वाटतं ते लिहून सांगता यायचं नाही. जेट्समध्ये फॉलंड नॅट असेल तर तेही टिपा, १९६५ च्या युद्धात आपल्या हवाई दलाने गाजवलेलं तेच छोटंसं विमान, इथे त्याचं दोन सीटवालं ट्रेनर रूप उडतं.

आता शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते, यावर जरा जास्त लिहितो. पक्षी नाहीतर क्रिकेट टिपणाऱ्यांना १/२००० सेकंदाची सवय असते आणि ते तसेच इकडे येतात. मग फोटो येतो एकदम शार्प, पण पंखा थिजलेला, आणि विमान दुकानात दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. पंख्याचं विमान जिवंत दिसायचं तर पंखा फिरताना दिसलाच पाहिजे. हिशोब सोपा आहे. मर्लिन इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला ३००० फेऱ्या मारतं, पण मधल्या गिअरमुळे पंखा निम्म्याहूनही कमी वेगाने फिरतो, आणि शोमध्ये इंजिन इतकं ताणत नाहीत, म्हणजे पंख्याच्या सेकंदाला साधारण १८ फेऱ्या धरा. १/१००० ला पातं फक्त साडेसहा अंश सरकतं, म्हणजे जवळजवळ गोठलेलं. १/२५० ला २६ अंश, जरा हललेलं दिसतं. १/१२५ ला ५२ अंश, आता मजा यायला लागते. चार पात्यांचा पूर्ण गोल हवा असेल तर प्रत्येक पातं ९० अंश फिरायला हवं, त्यासाठी १/७० च्या आसपास यावं लागतं, आणि तीन पात्यांचं सुरुवातीचं स्पिटफायर किंवा हरिकेन असेल तर १२० अंश, म्हणजे १/५० च्या जवळ. गंमत अशी की टायगर मॉथसारखं हळू उडणारं छोटं विमान इथे सोपं जातं, त्याच्या इंजिनाला गिअरच नाही, पंखा थेट इंजिनावर, सेकंदाला तीसच्या वर फेऱ्या, त्यामुळे १/२५० ला सुद्धा पातं ४५ अंशांच्या आसपास सरकतं. म्हणून विमानाचा वेग बघून शटर ठरवू नका, पंख्याचा वेग बघा. जेटला पंखाच नाही, तिथे खुशाल १/१००० ते १/१६०० ठेवा. हेलिकॉप्टरला पुन्हा खाली या.

पण १/१२५ ला ४०० मिमीची लेन्स हातात धरून विमान शार्प आणायचं म्हणजे पॅनिंगचा, विमानाबरोबर कॅमेरा फिरवत टिपायचा, हात पाहिजे आणि तो शोच्या दिवशी अचानक येत नाही. दोन-तीन आठवडे आधीपासून घराजवळच्या रस्त्यावर सुरक्षित जागी उभं राहून जाणाऱ्या गाड्या टिपा, आधी १/२५०, मग १/१६०, मग १/१२५, मग १/८०. सीगल असतील तर उत्तमच. पाय कुठे असावेत ते महत्त्वाचं, विमान सगळ्यात जवळ जिथे येणार तिकडे पायांची बोटं ठेवायची, कंबर वळवून लांबूनच विमान धरायचं आणि ते येईल तसं कंबरेतून सुटत यायचं, कोपर अंगाला चिकटलेली, आणि शटर दाबून झाल्यावरही कॅमेरा फिरवत राहायचा, झटकन थांबायचं नाही. लेन्सला स्टॅबिलायझरचा पॅनिंग मोड असेल तर तो लावा, बऱ्याच लेन्सवर मोड २ असं लिहिलेलं असतं. शोमध्ये पहिल्या पासला १/३२० वर एक खात्रीचा फोटो घेऊन टाका आणि मग पुढच्या पासला खाली खाली या, दहातले नऊ वाया गेले तरी चालतील, राहिलेला एक असा असतो की बघत बसावंसं वाटतं.

कॅमेऱ्याची बाकी सेटिंग्ज घरीच लावून ठेवा आणि शक्य असेल तर एका कस्टम बटणावर सेव्ह करा. शटर प्रायॉरिटी, सतत फोकस, मधला झोन, आयएसओ १००, रॉ फाइल. ढगाळ पांढऱ्या आकाशात कॅमेरा फसतो आणि विमान काळं येतं, तेव्हा एक्स्पोजर साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवायचं, डक्सफर्डला उजेडाच्या विरुद्ध तर हे हवंच. निळं आकाश आणि पाठीमागून ऊन असेल तर शून्यावर परत आणायला विसरू नका. आणि सेन्सर साफ करून घ्या, हे अगदी कळकळीने सांगतो. भर उन्हात १/१२५ म्हणजे अॅपर्चर आपोआप एफ १३, एफ १६ पर्यंत जातं आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण मोकळ्या आकाशात काळा ठिपका म्हणून दिसतो, शेकडो फोटोंत तेच ठिपके पुसत बसायचं म्हणजे हौसेचा पार चुराडा. लेन्सच्या मापाचा उजेड कमी करणारा फिल्टर, एनडी किंवा पोलरायझर, मिळाला तर तो लावून अॅपर्चर एफ ८ च्या जवळ ठेवता येतं.

लेन्स किती लांब? फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) ४००-६०० मिमी, क्रॉपवर (छोट्या सेन्सरचा) १००-४०० पुरते. २२ ऑगस्ट २०१५ ला शोरहॅमला हॉकर हंटर कोसळून ११ जण गेले, त्यानंतर इथले नियम कडक झाले आणि विमानं प्रेक्षकांपासून आणखी लांब उडायला लागली, ते बरोबरच आहे, फक्त जुन्या सल्ल्यातलं ३०० मिमी आता अपुरं पडतं. नवीन घ्यायची घाई नको, जुनी १५०-६०० वापरलेली चांगल्या दुकानात मिळते, नाहीतर दोन दिवसांसाठी भाड्याने घ्या. सोबत एक छोटी लेन्स, २४-७० किंवा तत्सम, ही विसरू नका. ट्रायपॉड घरीच राहू दे, गर्दीत कुणाच्या तरी पायात येतो आणि पॅनिंगला उपयोग नाही. स्टूलावर चढून मागच्यांचं दिसणं बंद करू नका, पुढच्या रांगेत छत्रीही उघडू नका, पाऊस आला तर रेनकोट. ड्रोनचा तर विचारसुद्धा नको.

बॅगेत बॅटऱ्या जास्त घ्या, मिररलेसवाल्यांनी किमान तीन, कार्डं दोन-तीन, लेन्स पुसायचं कापड, कॅमेऱ्यावर टाकायला प्लॅस्टिकची पिशवी. टोपी, सनस्क्रीन, स्वेटर, हे तिन्ही एकाच दिवशी लागतात इकडे. पोरं बरोबर असतील तर कानावर लावायचे इअर डिफेंडर, जेटच्या आवाजाला ती दचकतात. घडीची खुर्ची. खायला पोळीचे रोल, दशम्या, चिवडा असं हातात धरून खाता येईल ते, कारण तिथल्या स्टॉलच्या रांगेत उभे राहाल आणि नेमकं लँकॅस्टर येईल. हो, लँकॅस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बर. जगात उडण्याजोगी दोनच उरलीत, एक कॅनडात आणि एक इथल्या हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीकडे, बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइटकडे. पण ते यादीत असलं तरी वारा जास्त असेल तर येत नाही, ही विमानं कुणी धोक्यात घालत नाही आणि घालूही नये. म्हणून एकाच विमानावर सगळी आशा ठेवून जाऊ नका, आदल्या रात्री हवामान बघा, वाऱ्याचा वेग खास करून.

ओल्ड वॉर्डनला तर वाऱ्यावरच सगळं. तिथलं ब्लेरिओ इलेव्हन १९०९ सालचं, पंख पिळून वळवायची जुनी पद्धत, वारा जवळजवळ थांबला तरच बाहेर काढतात आणि तेही धावपट्टीवरूनच एक छोटीशी उडी मारतं. बरेचदा शोच्या अगदी शेवटी. तेव्हा उजेड कमी झालेला असतो, म्हणून आयएसओ वाढवायची तयारी ठेवा आणि सगळे पांगायला लागले तरी तुम्ही जागा सोडू नका. पहिल्या महायुद्धातली रोटरी इंजिनवाली विमानं असतील, सॉपविथ पप वगैरे, तर कॅमेरा खाली ठेवून दोन मिनिटं नुसतं ऐका. त्यात अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गोल फिरतं, वेग कमी करायला पायलट बटण दाबून ठिणगी तोडतो, त्यामुळे उतरताना आवाज असा तुटत तुटत येतो, घर्रर्र, शांत, घर्रर्र, शांत. आणि इंजिनात एरंडेल घालतात, त्याचा जळका वास गवतावरून येतो.

शोच्या दिवशी गेट उघडायच्या वेळीच पोचा. विमानं जमिनीवर उभी असताना जवळून बघायला मिळतात, कधी वेगळं तिकीट असतं, ते आधीच काढा. छोटी लेन्स इथे कामाला येते: एक्झॉस्टच्या नळकांड्यांमागे पडलेले राखाडी डाग, पंखावरच्या बंदुकांच्या तोंडावर चिकटवलेल्या लाल कापडाच्या पट्ट्या, इंजिनाखाली ठेवलेले तेलाचे ट्रे, रिव्हेटच्या ओळी. जमिनीवरचे लांबून घ्यायचे फोटो सकाळीच उरका, दुपारी रनवे तापला की हवा थरथरते आणि कितीही भारी लेन्स असली तरी फोटो मऊ येतो. इंजिन सुरू होण्याच्या आधीच कॅमेरा लावून तयार राहा, पंखा दोन-तीनदा अडखळतो, मग एकेका नळकांड्यातून पांढरट निळा धूर निघतो, कधी ज्वाळेची जीभ, आणि लगेच सगळं एका लयीत येतं. स्पिटफायर जमिनीवर चालताना नागमोडी चालतं, कारण लांब नाकामुळे पायलटला समोरचं दिसत नाही, तेव्हा ते अर्धवट वळलेलं असताना छान अँगल मिळतो. हवेत वळताना वरची बाजू आपल्याकडे झुकते तो क्षण पकडा, नाकापुढे थोडी जागा सोडा, आणि पंखाची टोकं कापली जाणार नाहीत इतपत झूम मागे ठेवा.

घरी आल्यावर कार्डं दोन ठिकाणी कॉपी होईपर्यंत फॉरमॅट करू नका. निवडताना आधी १०० टक्के झूम करून कॉकपिट शार्प आहे का बघा, नसेल तर डिलीट, पंखा कितीही सुंदर आला असला तरी. राहिलेल्यांतून पंख्याचा गोल चांगला आलेले वेगळे काढा. आणि फाइलच्या नावात विमानाचा नंबर, जागा, तारीख आणि शटर स्पीड लिहून ठेवा, पुढच्या शोला तेच विमान आलं की कुठून सुरू करायचं ते लगेच कळतं.