फोनवरच्या प्रश्नांची वेबसाइट आणि तिची कमाई

"ताई, बाजरीचं पीठ कडू लागतंय. घरघंटी बिघडली का?"

साताऱ्यात आमचं मिक्सर-घरघंटी दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा मशिन उघडतो, फोन मी घेते. हा प्रश्न किती वेळा ऐकलाय त्याला गणती नाही. मशिनला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. बाजरीत तेलाचा अंश असतो, त्यामुळे दळून ठेवलेलं पीठ थोड्याच दिवसांत खवट होतं. त्यात मागच्या खेपेचं पीठ पेटीच्या कोपऱ्यात चिकटून राहिलं असेल, तर ताज्या पिठालाही ती चव लागते. चार-पाच दिवसांपुरतंच दळा आणि दळण झालं की पेटी ब्रशने झाडून घ्या. एवढंच उत्तर मी एका पानावर लिहून इंटरनेटवर टाकलं. माझ्या वेबसाइटवर आज सगळ्यात जास्त वाचलं जातं ते हेच पान.

वेबसाइट काढून चार पैसे मिळवायचे कसे, असं ओळखीच्या बायका विचारतात. त्यांना मी आधी एक वही घ्यायला सांगते. महिनाभर लोक तुम्हाला काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. तुम्ही शिवण शिवत असाल, पापड लाटत असाल, पतसंस्थेत काम करत असाल, काहीही असो. माझ्या वहीत "जाळी तुंबली", "पीठ रवाळ येतंय", "पट्टा सटकतो" असेच शब्द होते. लेखांची नावंही मी तशीच दिली. "घरघंटीची देखभाल: एक आढावा" असं कोणी शोधत नाही.

विषय निवडताना एकच कसोटी लावा: या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच्या हाताने शोधलंय का? इकडून तिकडून उचलून शंभर लेख पाडणाऱ्या साइट मी बघते, आणि त्यावर विसंबून कुणी मशिनमध्ये ओले तांदूळ घातले की ते मशिन आमच्याकडे येतं. मार्च 2024 पासून गूगलच्या स्पॅमच्या नियमांत असा ढिगाने पाडलेला मजकूर स्पष्टपणे धरलेला आहे. नियम नसता तरी माझं सांगणं तेच असतं. समोरच्या बाईचं दोन किलो धान्य तुमच्या शब्दावर पणाला लागलेलं असतं.

आता नाव आणि जागा. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्या. मी ते एका साइट बनवून देणाऱ्या मुलावर सोपवलं होतं. त्याने नाव स्वतःच्या खात्यात घेतलं. वर्षभराने त्याने गाव सोडलं, फोन लागेना, मुदत संपली आणि नाव दुसऱ्याने उचललं. चौदा महिन्यांचं काम त्या नावाला बांधलेलं होतं. लेख माझ्या संगणकावर होते म्हणून वाचले, पण लोकांनी जपून ठेवलेले सगळे दुवे मेले. म्हणून आधी खातं उघडा, मग मदतनीस बोलवा. त्याला लागेल तेवढाच प्रवेश द्या आणि काम झालं की पासवर्ड बदला. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त दाखवतात, नूतनीकरणाचा दर वेगळा असतो. पैसे भरण्यापूर्वी तो विचारून घ्या.

होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा. ती साधी चालेल. साइट बनवायला मी वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर वापरते, ते फुकट आहे. दर महिन्याला साइटची पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर उतरवून घेते.

मराठी साइटच्या दोन अडचणी इंग्रजी सल्ल्यांमध्ये सापडत नाहीत. पहिली पानाच्या पत्त्याची. वर्डप्रेसमध्ये लेखाचं नाव देवनागरीत दिलं की पत्ताही आपोआप देवनागरीत बनतो. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण तोच पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की बहुतेक वेळा प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हं उमटतात. "घरघंटी" या एका शब्दात घ, र, घ, अनुस्वार, ट आणि वेलांटी अशी सहा चिन्हं आहेत, म्हणजे चोपन्न खुणांची माळ. लेखाचं नाव सहा शब्दांचं असेल तर सगळा पडदा त्या माळेने भरतो, आणि असला दुवा फसवणुकीचा वाटून बायका उघडत नाहीत. म्हणून लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने बदलून दोन-तीन रोमन शब्दांचा करा. नंतर बदललात तर जुना पत्ता नव्याकडे वळतोय ना ते उघडून पाहा. वळत नसेल तर वाचक रिकाम्या पानावर जाऊन आदळतो.

दुसरी अडचण फॉन्टची. मी मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला मुक्ता वापरते. मोफत आहे आणि जोडाक्षरं स्वच्छ येतात. पण त्याच्या सगळ्या जाड्या एकदम चढवल्या तर स्वस्तातल्या फोनवर पान उघडता उघडत नाही. साधी आणि ठळक, दोन पुरेत. फोटो वेबपी या हलक्या फाइल प्रकारात करून शंभर केबीच्या आत ठेवा. जुन्या डीटीपी (छपाईच्या) फॉन्टातला मजकूर असेल तर आधी सगळ्या फोनवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणा, नाहीतर शोधणाऱ्याला तो सापडणारच नाही.

फोटोंबद्दल थोडं जास्त सांगते. आमच्या टेबलावर मी जाळ्या ओळीने मांडते आणि प्रत्येकीशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवते. जाळ्यांचे नंबर कंपनीगणिक बदलू शकतात, त्यामुळे नुसता नंबर सांगून भागत नाही. नाण्यामुळे भोकाचा अंदाज येतो. हा फोटो काढायला दहा मिनिटं लागली. "तुमचा फोटो बघून जाळी मागवली" असं सांगणारे फोन अजून येतात.

वर्षाचं वेळापत्रक आपल्या सणांवर बसतं. गणपतीआधी मोदकाच्या पिठाचा प्रश्न येतो: तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेत, पण आत ओल राहिलीय, मग जाळी तुंबते. दिवाळीआधी चकलीची भाजणी: भाजलेलं धान्य पूर्ण गार होऊ द्या, गरम दळलं तर वाफ धरते आणि पीठ चिकटतं. संक्रांतीला बाजरी, उन्हाळ्यात पापड-कुरडया. लेख सणाच्या दोन महिने आधी टाका, शोधात वर यायला त्याला वेळ लागतो. गूगलचं सर्च कन्सोल मोफत आहे, ते पहिल्याच दिवशी जोडा. लोक काय टाइप करून आले ते तिथे कळतं. माझे निम्मे वाचक मराठी प्रश्न रोमन लिपीत टाइप करतात, हे मला तिथेच समजलं.

आता पैसे. पहिली वाट गूगलच्या जाहिरातींची. बहुतेकजण पानांवर त्या जाहिराती लावून देणाऱ्या अ‍ॅडसेन्सपासून सुरुवात करतात, मीही केली. नऊ लेखांवर अर्ज केला तेव्हा नकार आला. एकतीस लेख, "आमच्याबद्दल", संपर्क आणि गोपनीयता धोरणाची पानं झाल्यावर मंजुरी मिळाली. दहा डॉलर जमले की पत्ता पडताळायला घरी टपालाने पिन येतो, त्याला दोन ते चार आठवडे लागू शकतात. माझा पहिला आलाच नाही. अर्जात मी घर क्रमांक आणि गल्ली लिहिली होती, खूण लिहिली नव्हती. दुसऱ्या खेपेला "मारुती मंदिरामागे" एवढं जोडलं आणि पोस्टमनकाकांनी हातात आणून दिला. खात्यावरचं नाव बँकेतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. करविषयक माहितीचा फॉर्म अर्धवट ठेवू नका.

पैसे शंभर डॉलर झाल्याशिवाय सुटत नाहीत. झाले की पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान निघतात. माझे पहिले शंभर व्हायला अकरा महिने लागले. रक्कम परदेशातून येते, म्हणून बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. छोट्या शाखेला स्वतःचा नसतो, मुख्य शाखेचा मागून घ्या. पैसे कशाचे, असं बँक विचारेल. जाहिरातीचं उत्पन्न असं सांगा आणि मिळालेला कागद फाइलला लावा.

स्वतःच्या जाहिरातीवर कधीही क्लिक करू नका, आणि नात्यातल्या कुणाला करू देऊ नका. माझ्या जावेने प्रेमापोटी चार दिवस केलं. कळल्यावर त्याच रात्री मी तिला फोन करून थांबवलं. अशा क्लिकवरून खातं बंद होऊ शकतं.

जाहिराती किती ठेवायच्या? मी पानाला तीन ठेवते. आपोआप जाहिराती लावण्याची सोय सुरू होती तेव्हा एका आजींनी फोन करून सांगितलं, "बाळा, प्रमाण वाचता येत नाही, मधेच गाडी येते." पडदा झाकणाऱ्या जाहिराती मी त्याच दिवशी बंद केल्या. कमाई थोडी उतरली. आजी अजून वाचतात.

दुसरी वाट वस्तूंच्या दुव्यांची. जाळी, पट्टा, ब्रश, वजनकाटा यांचे दुवे लेखात देते, कुणी घेतलं की कमिशन मिळतं. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत पहिल्या 180 दिवसांत तीन विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. म्हणून बरेच वाचक जमल्यावरच अर्ज करा. "या दुव्यावरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं" हे वाक्य लेखाच्या अगदी वर ठळक लिहा. आमच्या टेबलावर उघडून पाहिलेली नाही अशी एकही वस्तू मी सुचवत नाही. दोन मशिनांबद्दल "घेऊ नका" असंही लिहिलंय, त्यावर कमिशन जास्त असूनही.

मला सगळ्यात आवडते ती तिसरी वाट: थेट जाहिरात. भाजणीच्या लेखावर दिवाळीआधी एका धान्याच्या व्यापाऱ्याची पाटी लावते. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा सर्च कन्सोलचा आलेख छापून नेला होता. ऑक्टोबरमध्ये किती लोक भाजणी शोधत येतात ते त्यांनी स्वतः बोट ठेवून वाचलं. महिन्याचे दीड हजार ठरले, आगाऊ, पावतीसह. पैसे घेऊन दिलेल्या अशा दुव्याला प्रायोजित (sponsored) अशी खूण करायची असते, ती करा. "आमचा लेख टाका, पैसे देतो" असे ईमेल येतात. जुगाराच्या नाहीतर कर्जाच्या अ‍ॅपचा दुवा त्यात दडलेला असतो. मी उत्तरच देत नाही.

भाजणीची प्रमाणं आणि जाळीचा तक्ता अशी पीडीएफ एकोणपन्नास रुपयांना यूपीआयवर देते. छोटी वाटते, पण दिवाळीच्या महिन्यात जाहिरातींपेक्षा ती जास्त देते.

सगळं एका वहीत मांडा: तारीख, कुठून आले, किती, कापलेला टीडीएस. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचंच असतं. नुसत्या सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे, पण माझ्यासारखं दुकानही असेल तर उलाढाल एकत्र धरतात. वही घेऊन वर्षातून एकदा सीएकडे बसा.

एका मार्चमध्ये शोधातून येणारे वाचक तीन आठवड्यांत निम्म्यावर आले. लेख तेच, मी तीच. त्या महिन्यात टिकून राहिले ते व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवरचे लोक आणि स्टिकरवरून येणारे. दुरुस्त होऊन जाणाऱ्या प्रत्येक घरघंटीच्या दाराला आतून आम्ही एक स्टिकर लावतो. त्यावर क्यूआर कोड आणि खाली एक ओळ: "पीठ बिघडलं? आधी हे वाचा."

तुम्हीही असं काही लावणार असाल तर कोडमध्ये थेट तुमच्या डोमेनचा पत्ता घाला. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही साइट मधे स्वतःचा पत्ता घुसवतात, आणि त्यांची सेवा थांबली की कोड मेला. कोड बनला की स्वतःच्या फोनने उघडून पत्ता अक्षरशः वाचून पाहा. आकार निदान अडीच सेंटीमीटर ठेवा, वर प्लास्टिकचा थर हवा, नाहीतर पिठाने शाई धूसर होते. आमच्याकडे घरघंटी दहा-बारा वर्षं चालते. तोवर दाराच्या आतला तो पत्ता उघडला पाहिजे, म्हणून नूतनीकरणाची तारीख मी दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवते.